अर्धे तिकीट

मी चित्रकला शिकवते. गणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. कॉलेजात मी गेलेच नाही. चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत लागले. त्यामुळे यंदा, २०२५ च्या मे महिन्यात, एक शंभर पानी वही पुढे घेऊन मी दोन दिवस बेरजा करीत बसले तेव्हा घरच्या मंडळींना मोठी गंमत वाटली. ह्यांनी चहाचा कप पुढे ठेवीत विचारले, "नव्या कादंबरीत कुणी सावकार आहे वाटतं?"

सावकार नव्हता. वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच नाव होते : दौंड. दौंडला माझी आई राहते. जून २०१९ मध्ये तिला इन्सुलिनची इंजेक्शने सुरू झाली आणि औषधांचा हिशेब दादाला कळवायचा म्हणून मी ही वही घातली. दादा कल्याणला असतो. तो दरमहा आईच्या खात्यावर पैसे भरतो आणि त्यात एका महिन्याचाही खंड पडलेला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाही तर पुढचे वाचून कुणी त्याच्यावर रागवायचे. वहीच्या डाव्या पानावर औषधे आणि उजव्या पानावर माझे जाणे-येणे असे मी लिहीत असे. उजव्या पानाचा हिशेब कुणी मागितलेला नव्हता. पान कोरे राहते, एवढेच त्याचे कारण.

बेरीज मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. चौथ्यांदा माझ्या मुलाने केली ती खरी धरली. सहा वर्षांत खेपा २१९. खर्च ९८,७४० रुपये. याच सहा वर्षांत डाव्या पानावरच्या औषधांची बेरीज झाली ६१,३०० रुपये. म्हणजे औषधापेक्षा औषध घेऊन जाणारीच महाग पडली. मुलाने आणखी एक गणित आपण होऊन केले. जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर धरले तर मी पृथ्वीची जवळजवळ दोनतृतीयांश प्रदक्षिणा केली होती. "आई, जपान बघून झालं असतं तुझं," तो म्हणाला.

शिरूर आणि दौंड हे एकाच पुणे जिल्ह्यातले तालुके. आमच्या शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. ही घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडला लागून वाहते, तेव्हा पाण्याला ही वाट फारशी अवघड नाही. माणसाने मात्र न्हावरा, इनामगाव, काष्टी असे करीत जायचे. थेट गाडी सापडली तर पावणेदोन तास. नाही सापडली तर न्हावऱ्याला उतरावे, उसाच्या ट्रॉल्या मोजीत उभे राहावे आणि मिळेल त्या वाहनात शिरावे. महाराष्ट्रातली एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघाली, ती आमच्या शिरूरच्याच रस्त्याने. या गोष्टीचा आम्हां शिरूरकरांना थोडा अभिमान आहे. पण ती गाडी सरळ जाणाऱ्यांची. आडवे जाणाऱ्यांसाठी पहिली गाडी कधी निघाली, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

वहीत तिकिटाखेरीज काय काय असते? दौंडच्या स्टँडवरून आईच्या घरापर्यंत रिक्षा. पावसात उशीर झाला तर शिरूरच्या स्टँडवरून आमच्या घरापर्यंत आणखी एक. न्हावऱ्याचा चहा. आईला केळी चालत नाहीत म्हणून पेरू. शेजारच्या काकूंना मात्र केळी, कारण मी नसते तेव्हा इंजेक्शनची सुई त्याच टोचतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला, त्या महिन्यांत जीपचे भाडे. आणि चौदा वेळा, रात्री काकूंचा फोन आला म्हणून केलेली भाड्याची मोटार. या चौदा ओळी सगळ्या पानांवर उठून दिसतात; एका ओळीत चार-पाच रविवार बसतात. २०२० च्या एप्रिल-मेची पाने तेवढी कोरी आहेत. सगळी वाहने बंद होती. त्या दोन महिन्यांत माझा एक पैसा खर्च झाला नाही आणि एक रात्र धड झोप लागली नाही.

इनामगाव आले की मी खिडकीतून नेहमी नदीच्या बाजूला पाहते. तिथे १९६८ पासून पुढे अनेक वर्षे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती जमिनीखालून काढली. ती माणसे आपल्या मृतांना घरातच, पायाखालच्या जमिनीत पुरीत असत. आणि मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडून मग पुरीत. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता. हल्ली त्या लोकांची मला थोडी कीव येते आणि थोडा हेवाही वाटतो. आपले माणूस आपल्याच घरात राहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आई आमच्याकडे का राहत नाही, हे वाचकांच्या मनात आलेच असेल. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. दौंड म्हणजे जंक्शन; पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावीत, आणि त्या खटाटोपावर आमचे घर चालले. आईला घड्याळ लागत नाही. कोणती गाडी आली त्यावरून ती भाताला पाणी ठेवते. २०१८ साली तिला मी शिरूरला आणले होते. बावीस दिवस राहिली. आमच्या दोन खोल्या, त्यात सासूबाई. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना इतका मान देत की शेवटी दोघीही उपाशी राहू लागल्या. तेविसाव्या दिवशी आई म्हणाली, "इथं रात्री काहीच वाजत नाही गं. मला मेल्यासारखं वाटतं." मी तिला पोचवून आले.

तिच्याजवळ रेल्वेचा पास आहे. बाबांच्या मागे तिला तो मिळतो. त्या पासावर तिला पार दूरच्या तीर्थांना जाता येईल, पण शिरूरला रेल्वेच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने पंच्याहत्तरी गाठलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट केला. आईला त्याच वर्षी पंच्याहत्तर पूर्ण झाली होती. तोवर तिला एस.टी.ची पायरी चढवेनाशी झाली होती. रेल्वे फुकट, एस.टी. फुकट, आणि आमच्या मातोश्री ओट्यावर.

आता माझ्या अर्ध्या तिकिटाची हकीकत. आमची शाळा अंशतः अनुदानित. म्हणजे तास पूर्ण घ्यायचे आणि पगाराचा हिस्सा घ्यायचा. मी २००६ साली लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे लागले त्यांना महाराष्ट्र सरकारने जुने निवृत्तिवेतन ठेवले नाही, त्यामुळे मी सात-आठ महिन्यांनी चुकले. लग्नाचा मुहूर्त चुकावा तशी ही गोष्ट आम्ही शिक्षक मंडळी एकमेकांना सांगतो. १४ मार्च २०२३ ला राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, त्यात मीही होते. मोर्च्यात चालले, घोषणा दिल्या. संप २० तारखेपर्यंत चालला. मध्ये १७ तारखेला, शुक्रवारी, एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले. शाळा बंद, हातात वेळ. मी दौंडची गाडी पकडली. गाडीत बायकांचा नुसता कल्ला. कंडक्टरने तिकीट दिले की प्रत्येक जण ते उलटेसुलटे करून पाही आणि शेजारणीला दाखवी. मीही पाहिले. वहीत त्या दिवशीच्या आकड्याखाली मी दोन रेघा ओढलेल्या आहेत.

आईला मी संपाची बातमी सांगितली. तिला आधी उमगेना.

"बाबांचं मला येतं, तसं तुम्हाला नाही?"

"नाही."

"मग म्हातारपणी काय खाशील?"

"पोस्टात टाकतेय थोडं थोडं."

ती शेंगा सोलीत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "खायचं राहू दे. तू म्हातारी झालीस की तुझ्याकडं कोण येईल?"

"मुलगा आहे की."

"तो कुठं असेल देव जाणे. त्याचं तिकीट कोण काढील?"

मी हसले. पण परतीच्या गाडीत तो प्रश्न माझ्या शेजारी बसून आला.

पोस्टातल्या पैशांचे असे आहे. रविवारी सकाळी मी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी शिकवीत असे. वीसेक मुले, महिन्याला दीडशे रुपये. त्या तीन हजारांतले दोन हजार जानेवारी २०२१ पासून मी पोस्टाच्या आवर्ती ठेवीत भरू लागले. लॉकडाउनमुळे त्या वर्षी मुले येत-जात होती, पण वर्ग चालला. दिवाळीनंतर आईची साखर वरखाली होऊ लागली आणि पूर्वी महिन्यातून दोनदा असणारी माझी खेप दर रविवारची झाली. वर्ग बंद पडला. कुणी तो बंद केला नाही. दोनदा रद्द झाला, तिसऱ्यांदा मुले आलीच नाहीत. हप्ता मग पगारातून भरू लागले, आणि पगारातही खड्डा होताच, कारण किरकोळ रजा संपल्या की पुढच्या सगळ्या रजा बिनपगारी. आता हे वहीत कुठे लिहायचे? जे गेले ते लिहिता येते. जे मिळायचे होते आणि मिळालेच नाही, त्याला उजवे पान नाही नि डावेही नाही. ९८,७४० हा आकडा मुळातच खोटा होता, हे मला बेरीज झाल्यावर कळले.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने मध्ये मला २००७ सालचा कायदा दाखवला होता, आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा. मुलांनी आईवडिलांना काय द्यायचे हे त्यात सांगितले आहे : अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल आणि उपचार. त्यासाठी न्यायाधिकरणाला महिन्याला दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते. जे मुलगे आईला घराबाहेर काढतात त्यांच्यासाठी कायदा चांगलाच आहे. पण आईपर्यंत पोचायचे कसे, हे त्याने गृहीत धरले आहे. दादानेही धरले होते आणि आईनेही. खरे सांगायचे तर ती वही कपाटात साड्यांखाली ठेवणारी मीही त्यांच्यातलीच. आईकडे जायला किती पडले हे मोजणे पाप आहे, अशी समजूत आपल्याला कोण देते कोण जाणे. लग्नात दिलेल्या-घेतलेल्या आहेराच्या याद्या घराघरांत जपून ठेवलेल्या असतात. त्या मोजण्यात कुणाला काही वाटत नाही.

ही वही आईने वाचली. जुलै २०२४ मधली गोष्ट. मी तिचे डोके धुऊन, नखे कापून, आठवड्याच्या गोळ्या डब्यांत भरून औषधाच्या दुकानात गेले होते. पिशवी तिच्या खाटेवर होती. परत आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि वही पिशवीत उलटी खोचलेली होती. आई चौथी शिकलेली. आकडे तिला माझ्यापेक्षा बरे कळतात. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

त्या आठवड्यात तिचा फोन आला. "या रविवारी येऊ नकोस. बरी आहे मी. काकू आहेत." पुढच्या आठवड्यातही तेच. "पाऊस फार आहे, कशाला येतेस?" तिसऱ्या आठवड्यातही तेच. तीन रविवार मी गेले नाही. आणि आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते : मला बरे वाटले. पहिल्या रविवारी मी दुपारी झोपले. दुसऱ्या रविवारी कादंबरीचे एक प्रकरण लिहिले. तिसऱ्या रविवारी चार मुलांना बोलावून स्थिरचित्र मांडून दिले, सुरई आणि दोन पेरू.

चौथ्या रविवारच्या आदल्या रात्री काकूंचा फोन आला. चपलेने आईच्या डाव्या पायाच्या करंगळीजवळ घासले होते. मधुमेहात पायाला दुखणे कळत नाही. तिला दिसले तेव्हा ती जागा काळी पडू लागली होती. तरी तिने काकूंना गळ घातली होती, "तिला कळवू नका, ती उगाच खेप करील." काकूंनी चार दिवस तिचे ऐकले आणि पाचव्या दिवशी वास आला तेव्हा फोन केला. मी भाड्याच्या मोटारीने गेले. अकरा दिवस इस्पितळात काढले. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचले हेच नशीब.

पोस्टातली ठेव मी त्या अकरा दिवसांत मोडली. त्रेचाळीस हप्ते भरून झाले होते, सतरा राहिले होते. तीन वर्षे झाली की ठेव मोडता येते, पण मग व्याज साध्या बचत खात्याचे मिळते. खिडकीवरच्या मुलीने हे मला दोनदा समजावून सांगितले. तिला वाटले असावे की मला समजले नाही.

न केलेल्या तीन खेपांचे साधारण नऊशे रुपये वाचले होते. ते नऊशे रुपये मी अजून वहीत मांडलेले नाहीत.

इस्पितळात सातव्या-आठव्या रात्री आई जागी होती. मी खाली सतरंजीवर. ती छताकडे बघत म्हणाली, "दौंड दौंड दौंड, नुसतं दौंडच लिहिलंस गं सगळीकडं. दौंडला काय जातेस तू? तिथं तुझं कोण आहे?"

मला आधी अर्थच लागेना.

"आईकडं, असं लिहावं," ती म्हणाली. "मग कितीही आकडा लिही."

म्हणजे तीन आठवडे तिने पाय लपवला तो पैशांकरिता, की त्या एका शब्दाकरिता, हे मी तिला विचारले नाही. विचारून ती सांगणारी नव्हे. एवढे मात्र खरे की आकड्यांबद्दल ती त्या रात्रीही काही बोलली नाही आणि पुढेही बोलली नाही.

आई घरी आली. पाय भरून यायला दिवाळी उजाडली. यंदा मे महिन्यात पूर्ण बेरीज झाल्यावर मी ती दादाला फोनवर वाचून दाखवली. फार वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तू हे लिहून ठेवत होतीस?" त्याच्या आवाजात राग होता. त्याचे काय चुकले? मी त्याच्या जागी असते तर मलाही राग आला असता. सहा वर्षे मी त्याला औषधांची डावी पाने कळवली आणि उजवी झाकून ठेवली. त्याने पैसे पाठवले ते डाव्या पानाला धरून. आमचे थोडे वाजले. वहिनी मध्ये पडल्या. त्यांचेही आईवडील थकलेले आहेत आणि त्यांच्या माहेरी हीच वही न लिहिता चालली आहे, हे त्या दिवशी कळले. पैशांचे तसेच राहिले. पण जूनपासून दादा महिन्यातला दुसरा रविवार स्वतः करतो. कल्याणहून रेल्वेने सकाळी येतो आणि रात्री परततो. पहिल्या खेपेनंतर त्याने मला फोन केला, "अगं, नखं कापताना ती हलते किती!" मी म्हटले, "मांडीवर पाय घ्यायचा, म्हणजे हलत नाही."

दुसऱ्या रविवारचा माझा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. सध्या सहा मुले येतात. नवी ठेव मी पाचशेची उघडली. सेवानिवृत्तीला पंधरा वर्षे आहेत. त्यात किती होतील ते मुलाने सांगितले, पण मी लक्षात ठेवले नाही.

गेल्या रविवारी निघताना आईने मला थांबवले. उशीखालची चहापत्तीची जुनी डबी काढली आणि पन्नासाच्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या. पूर्वीही तिने असे पुष्कळदा केले आहे, आणि प्रत्येक वेळी मी त्या परत डबीत कोंबून गाडी गाठायला पळाले आहे.

"अर्धं तिकीट आहे ना तुला?" ती म्हणाली. "मग जाऊन-येऊन भागतं एवढ्यात."

मी नोटा घेतल्या. तिच्यादेखत वही काढली, उजव्या पानावर वरच्या बाजूला 'जमा' असे लिहिले आणि खाली शंभरचा आकडा मांडला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"सुटे राहिले तर पुढल्या खेपेला आण," ती म्हणाली.